चार वाजता पेटणारं मशीन

गेल्या महिन्यात जावयाबरोबर म्हापशाला संगणक बघायला गेलो होतो. घरचं कामही व्हावं आणि सुटीच्या दिवशी गेमही खेळता यावेत असा डेस्कटॉप त्याला हवा होता. आम्ही तोंड उघडण्याआधीच दुकानातल्या तरुणाने बजेट विचारलं. मग लाल-निळे दिवे लावलेली काचेची एक पेटी दाखवली आणि तिच्या पोटात काय काय आहे ते जत्रेतल्या खाजेवाल्याच्या वेगाने सांगून टाकलं. जावई माना डोलवत होता. मला राहवेना. मी म्हटलं, "अरे, पण समोर कोण बसणार ते तरी आधी विचार." तो पोरगा माझ्याकडे बघतच राहिला आणि जावयाने मला हळूच कोपराने ढोसलं. त्या बिचाऱ्यांना काय ठाऊक, की मी गुणाजीमामांचं वाक्य उसनं घेऊन बोलत होतो.

गुणाजी हळर्णकर. पेडण्यात बसस्टँडच्या मागे, खाली सायकलवाला आणि वर हे, अशी त्यांची खोली होती. आधी रेडिओ, मग लाउडस्पीकर, मग टीव्ही आणि शेवटी संगणक, असं सगळं त्यांच्या हाताखालून गेलं. शिक्षण सातवी. अंगात कायम बिनइस्त्रीचा पांढरा शर्ट आणि खिशात तीन स्क्रूड्रायव्हर. माणूस किडकिडीत, पण आवाज घागरीतून आल्यासारखा. हसताना मी त्यांना फार तर चार वेळा पाहिलं असेल, आणि त्यातल्या दोन वेळा ते मला हसले होते.

भाषेच्या आंदोलनाच्या दिवसांत दोन्ही बाजूंचे कर्णे त्यांच्याकडेच दुरुस्तीला यायचे. आज मराठीची सभा, उद्या त्याच मैदानात कोंकणीची, आणि दोन्हीकडे खांबाखाली गुणाजीमामा उकिडवे बसलेले. मी तेव्हा कोरगावच्या शाळेत मराठीचा तरुण मास्तर, डोक्यात राख घालून फिरणारा. एकदा मी त्यांना भर रस्त्यात अडवलं आणि विचारलं, "मामा, तुम्ही नक्की कुणाचे?"

"कर्ण्याचो," ते म्हणाले. "कर्णो फुटलो तर दोगांचोय आवाज फुटता, मास्तर."

आम्हाला राज्याचा दर्जा मिळाला त्या दिवशी बाजारात फटाके वाजत होते आणि हे वर माडीवर डाखणकाम करत बसले होते म्हणे. मला तेव्हा त्यांचा राग यायचा. पुढे कधीतरी तो राग गेला. कधी ते आता आठवत नाही.

पहिला संगणक त्यांनी डिचोलीहून आणला. एका खाणीच्या ऑफिसने भंगारात काढलेला. आत लाल माती अशी बसली होती, की मामा म्हणायचे, "हिच्या पोटांत आख्खी खाण आसा." पंधरा दिवस दाढीच्या ब्रशने ते माती काढत होते. सोळाव्या दिवशी ते मशीन चालू झालं आणि गुणाजीमामांनी रेडिओ घेणं बंद केलं.

सरकारी योजनेतून मुलांच्या घरी संगणक यायला लागले तसा मामांचा भाव वाढला. पण त्यांच्याकडून संगणक घ्यायचा म्हणजे पाहुणचार करावा लागे. आधी ते घरी येत. जिथे संगणक ठेवायचा तिथे स्टूल मागून घेत, भिंतीकडे तोंड करून बसत आणि डोळे मिटत. दहा-दहा मिनिटं. माझ्या घरी बसले तेव्हा माझी बायको स्वयंपाकघरातून मला खुणा करायला लागली. मी आत गेलो तर म्हणाली, "आवो, तेंका बरें नासा काय? पाणी दिवं?"

बाहेर आलो तर मामा उठून उभे होते. "हंय नाका, मास्तर. हंय बसल्यार पाट दाराक येता. फाटल्यान कोण आयलो तें बसलेल्याक कळूंक जाय."

"पण येणार कोण मामा? मुलगी हॉस्टेलवर, घरात आम्ही दोघंच."

"दोगांच आसल्यार चड कळूंक जाय."

मग त्यांचे ते दोन प्रश्न. पहिला, "कोण बसतलो?" मी म्हटलं, मी. प्रश्नपत्रिका काढायला. ते त्यांनी वहीत लिहून घेतलं. दुसरा, "आनी तुमी नसताना कोण बसतलो?" मी म्हटलं, कुणी नाही. त्यांनी वही मिटली आणि माझ्याकडे नापास मुलाकडे बघतात तसं बघितलं. "कोण ना अशें जायना, मास्तर. रिती खुर्ची दवरली काय तिचेर कोण ना कोण बसता. मांजर तरी बसता."

आमच्याकडे मांजर नव्हतं. त्या रात्री बायकोने ती खुर्ची टेबलाच्या आत सरकवून ठेवली. मी तिची चेष्टा केली खरी, पण पुन्हा ओढून बाहेर काही ठेवली नाही.

मशीन उघडण्याआधी ते खिडकीच्या गजांना हात लावत. अंगातली वीज उतरावी म्हणून, हे मला फार उशिरा कळलं. लोक समजत, मामा बाहेरच्या राखणदाराला नमस्कार करतात. आणि करतही असतील, कारण नवं मशीन पहिल्यांदा सुरू करताना ते रीतसर गाऱ्हाणं घालत. नारळ ठेवून, डोक्यावर रुमाल टाकून. "बा देवा म्हाराजा, गांवच्या राखणदारा, आज ह्या घरांत हें यंत्र येता. विजेचो झटको, हुंदराचो दांत, मिरगाची वल, कोणाची वायट नदर, आड्डां येयत तें भायलेभायर दवर रे म्हाराजा." घरच्यांनी एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणायचं. मीही म्हटलं होतं. शाळेत विज्ञान मंडळाचा प्रमुख मीच होतो, ही गोष्ट निराळी.

मशीन बिघडलं तरी ते "मेलं" किंवा "बंद पडलं" कधी म्हणत नसत. "निजलां," म्हणत. आणि कीबोर्ड वाचत. आपण हस्तरेषा म्हणतो तसं काहीसं. कीबोर्ड उजेडात तिरका धरायचा आणि कुठली अक्षरं झिजली, कुठल्या फटीत धूळ बसली, ते बघून माणूस सांगायचा. माझा कीबोर्ड बघून म्हणाले, "तुमी बरयता थोडें, पुसता चड." तेव्हा मी चोरून कादंबरी लिहीत होतो. बायकोलाही माहीत नव्हतं.

आता सुलभावहिनींच्या घराची गोष्ट. कोरगावात आमच्या शेजारचंच घर. नवरा रामनाथ पेडण्याला मामलेदार कचेरीत कारकून, आणि एकच मुलगा, नितीन, म्हापशाला कॉलेजात. उंच, बडबड्या, हसरा. माझ्याकडे सातवीत होता तेव्हा शुद्धलेखनाच्या वहीत मोटारी काढायचा. त्याला गाड्यांच्या शर्यतीचे गेम खेळायचे होते. रामनाथला देवस्थानच्या कमिटीची पत्रं टाइप करायची होती. दोघांचं महिनाभर जुंपलं आणि शेवटी गुणाजीमामांना बोलावलं. मी शेजारी म्हणून चहाला होतोच.

नितीनने एक कागद काढला. त्यावर चकचकीत कॅबिनेट, पाच भोंग्यांचे स्पीकर, काय काय लिहिलेलं. मामांनी त्यातलं बरंचसं खोडलं आणि ते पैसे पॉवर सप्लाय, मोठा पंखा आणि ग्राफिक्स कार्डावर घातले. नितीनचं तोंड उतरलं.

"आयक," मामा त्याला म्हणाले, "खेळताना मशीन हांफता. हांफपी मशीनीक काळीज बरें जाय. बरें आंगलें घालून कितें करतलो?"

"आनी म्हजें टायपिंग?" रामनाथने विचारलं.

"जी मशीन धांवता, ती चलतलीच मरे."

इतक्या वर्षांत डेस्कटॉप निवडण्याबद्दल याहून शहाणं मी काही ऐकलेलं नाही. दुकानातल्या त्या पोराला सांगायला हवं होतं.

वहिनींना त्यांनी दोन्ही प्रश्न विचारले. कोण बसतलो? "नितीन, आनी केन्ना केन्ना हे." तो नसताना? वहिनी हसल्या. "तो नसताना कोण बसतलो? त्याचीच खुर्ची ती." मामांनी तेही वहीत लिहून घेतलं.

आमच्याकडे पावसाळ्यात ओल म्हणजे काय ते बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. चपलांना बुरशी येते, कपाटात बल्ब लावून ठेवावा लागतो. मामांचं म्हणणं, मशीन रोज थोडा वेळ तरी चालू राहिलं पाहिजे. आतली ऊब हेच त्याचं औषध. म्हणून ओलीच्या घरांत ते मशीनमध्येच वेळ लावून ठेवत. रोज ठरलेल्या वेळी मशीन आपोआप पेटायचं. आत बटणासारखा एक छोटा सेल असतो, त्याच्यावर ही आठवण टिकते. नितीनची बस रस्त्यावर यायची साडेचारच्या सुमाराला. मामांनी वेळ लावली चारची. "अर्धो तास तापली काय चेडो येयसर सुकून तयार," असं त्यांनी नितीनला सांगितलं. "आवयक सांगून दवर, ना जाल्यार भियेतली." तो गुरुवार होता.

नितीनने आईला सांगितलं नाही. विसरला असेल. रविवारी म्हापशाच्या रस्त्यावर मित्राच्या मोटारसायकलवर मागे बसला होता, तो घरी आला नाही.

त्या दिवसांबद्दल मी लिहिणार नाही. एवढंच सांगतो, की सुलभावहिनींनी जेवण सोडलं. रडल्याही नाहीत. कुणी पेजेचा चमचा ओठाशी नेला की तोंड फिरवायच्या. तेरावा झाला, पाहुणे गेले. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन दिवस असंच चाललं तर म्हापशाला न्यावं लागेल, आणि नेऊन उपयोग होईलच असंही नाही. दुसऱ्या दिवशी माझी बायको त्यांच्याकडे झाडलोट करायला गेली आणि नितीनची खोली झाडताना, तो घराबाहेर पडताना नेहमी काढून ठेवायचा ती संगणकाची पिन तिने परत खोचली. मी ओसरीवर रामनाथबरोबर बसलो होतो. रामनाथ वाण्याच्या दुकानातल्या कॅलेंडरवरच्या तारखा पाठ केल्यासारखा काहीतरी पुटपुटत होता.

चार वाजले आणि आतून पंख्याची घरघर आली. मग ती सुरावट, संगणक सुरू झाल्यावर वाजते ती. आम्ही दोघे एकदमच उठलो. खोलीत वहिनी खाटेवर उठून बसल्या होत्या. पडद्यावर नितीनने लावलेली लाल गाडी होती, आणि समोर खुर्चीत कुणी नव्हतं.

"आयलो रे?" वहिनी म्हणाल्या. दारात उभ्या राहिलेल्या माणसाला म्हणतात तशा साध्या आवाजात.

रस्त्यावर पाववाल्या पोदेराचा भोंगा वाजला. वहिनी उठल्या, भिंतीला धरत बाहेर गेल्या आणि दोन उंडे घेऊन आल्या. चहा केला. एक उंडा बशीत घालून कीबोर्डच्या बाजूला ठेवला आणि दुसरा चहात बुडवून स्वतः खाल्ला. चौदा दिवसांत पहिल्यांदा. रामनाथ मागच्या दारी जाऊन गडग्यावर डोकं टेकून रडत होता.

दुसऱ्या दिवशी रामनाथने गुणाजीमामांना आणलं. चार वाजता मशीन पेटलं. मामा खिडकीच्या गजाला हात लावून उभे होते, ते तसेच राहिले. वहिनींनी विचारलं, "गुणाजी, हें कोण करता?"

मामांनी बशीकडे बघितलं. मग वहिनींच्या बोटांना लागलेल्या पावाच्या चुऱ्याकडे.

"माका कळना, वयनी," ते म्हणाले.

मला खरं कळलं ते वर्षभराने. शुक्रवारच्या बाजाराला म्हापशाला जाताना बसमध्ये ते माझ्या शेजारी बसले होते. कोलवाळचा पूल आला. मग त्यांनी सगळं सांगितलं. गुरुवारी लावलेली वेळ, तो सेल, सगळं. मी म्हटलं, बरं केलंत मामा. बाई जगली.

"बरें?" ते म्हणाले. "एक फट उलयलों, मास्तर. एकूच. आतां ती फट दर वर्सा सेल बदलून जिवी दवरची पडटा."

आणि ती थाप त्यांनी जिवंत ठेवली. दर मे महिन्यात एकदा ते कोरगावला यायचे, दुपारी बारा ते तीनच्या मध्ये. वहिनी आत असताना सेल बदलायचे. एका वर्षी पंखा बदलला, एका वर्षी पॉवर सप्लाय. पुढे आतली डिस्क करकरायला लागली तेव्हा तिच्यातलं सगळं नव्या डिस्कवर उतरवलं, लाल गाडीसकट. एकदा मदरबोर्डच गेला. तसला बोर्ड बाजारात मिळेना. मामा सकाळच्या बसने पणजीला गेले, तिथून कुठल्याशा जुन्या मालवाल्याकडे, आणि तीन वाजता घामाघूम होऊन कोरगावात उतरले. वहिनी माझ्या घरी लोणच्याच्या कैऱ्या चिरायला आल्या होत्या. त्यांना तिथेच अडकवून ठेवायचं काम माझं. चारला दहा मिनिटं असताना खिडकीतून मामांनी हात केला. शर्ट पाठीला चिकटला होता आणि बोटातून रक्त येत होतं. त्यांच्या आयुष्यात मी त्यांना घाईत बघितलं ते त्या एका दिवशी.

तोवर त्या मशीनमध्ये नितीनच्या वेळचं काही उरलं नव्हतं. फक्त कीबोर्ड. तो मामांनी बदलला नाही, आणि त्याचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं, पेडण्याच्या त्यांच्या खोलीत, भर दुपारी, दार लोटून घेऊन.

"मास्तर, त्या घरांत त्या मशीनीक कोण हात लायना. रामनाथ लायना. वयनी लायना. कीबोर्डाचेर धुळ बसता. सगळ्याचेर बसता. फकत त्या चार बाणांचेर बसना."

बाणांची चार बटणं. गाडी डावीकडे, उजवीकडे, पुढे, मागे न्यायची. मी म्हटलं, वहिनी पुसत असतील.

"पुसत आसतली," मामा म्हणाले. "पुसता जाल्यार फकत चारूच कित्याक पुसता?" मग "पुसत आसतली," असं पुन्हा म्हणून त्यांनी दार उघडलं.

अशी बरीच वर्षं गेली. रामनाथ रिटायर झाला आणि त्याला बुद्धिबळाचा नाद लागला. मोबाइलवर दिसत नाही, मोठ्या पडद्यावर खेळायचं आहे, देवस्थानचं कामही आहे, तर आता एक बरा डेस्कटॉप बसवू, असं त्याने ठरवलं. मामांना निरोप गेला. मामा तोवर निम्मे झाले होते. साखरेने पाय नासवला होता. उजव्या पायाची दोन बोटं काढली होती, आणि तो पाय गुडघ्यात वाकवला की कळ मस्तकात जायची. त्यांनी मला पेडण्याला बोलावून घेतलं.

"हांव आतां चड दीस ना," ते म्हणाले. मी काहीतरी बोलायला गेलो तर हात वर केला. "आयक. हांव गेलों काय सेल कोण बदलतलो? एक दीस चार वाजतले आनी मशीन पेटची ना. ती बाय म्हणटली, पूत परत गेलो. दुसरे फावटी. तें माका नाका. हांव तिका खरें सांगतां. तूं वांगडा यो."

बरोबर यायला माझी ना नव्हती, पण म्हटलं, मामा, आता या वयात त्या बाईला हे सांगून काय मिळवणार? सांगू नका. पुन्हा जेवण सोडलं तर? ते म्हणाले, "म्हणूनच तूं वांगडा यो."

चतुर्थी होऊन गेली होती. आम्ही दोघे नवीन मशीनचे खोके घेऊन रिक्षाने साडेतीनला पोचलो. रामनाथ देवळात गेला होता. ती खोली अरुंद. एका बाजूला खाट, दुसऱ्या बाजूला भिंत, आणि पलीकडच्या टोकाला खिडकीखाली संगणकाचं टेबल. मामांना दाराजवळच्या खुर्चीवर बसवलं. दुखरा पाय त्यांनी पुढे लांब केला, त्यामुळे टेबलाकडे जाणारी वाट अडली होती. मी त्यांच्या पायावरून ओलांडून खाटेच्या कडेला जाऊन बसलो. वहिनी जमिनीवर कुळीथ निवडत बसल्या होत्या. केस पांढरे झालेले, पण अंगाने बऱ्या भरलेल्या.

चार वाजले. जुनं मशीन पेटलं. लाल गाडी आली.

"वयनी," मामा म्हणाले. "तुका एक सांगपाचें आसा. हें हांवें लायलां. पयल्या दिसासावन. नितीन आसताना, ओलीखातीर. तुवें विचारलें तेन्ना हांव फट उलयलों."

वहिनींनी सूप खाली ठेवलं नाही. "माका खबर आसा," त्या म्हणाल्या.

मामांचा चेहरा मला दिसत होता. तो हलला नाही.

"दुसऱ्याच वर्सा कळ्ळां. तुका येवंक दोन दीस उशीर जालो. दोन दीस मशीन पेटली ना. मागीर तूं आयलो आनी पेटली. हांव कितें पिशी?"

"मागीर उलयलें ना कित्याक?"

"तुका वायट दिसतलें म्हूण. इतलो कश्ट काडून येतालो तूं." त्यांनी एक खडा वेचून बाजूला टाकला. "आनी नव्या मशीनीक तें लावूं नाका आतां. गरज ना."

माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. मला हसूसुद्धा आलं असेल. इतकी वर्षं दोघं एकमेकांना जपत राहिली होती. पण मामा हसले नाहीत. ते पुढे झुकले.

"आनी ते दोन दीस, वयनी? मशीन पेटली ना ते? तूं जेवलें?"

"जेवलें मरे."

"कशें?"

वहिनींनी त्यांच्याकडे बघितलं. एवढं साधं कसं कळत नाही, असं.

"चार वरांचें तें तुजें, गुणाजी. मशीन तापपाचें. तो चार वरांचेर केन्ना येतालो? त्याची बस साडेचारांक. त्या दोन दिसांनीय तो साडेचारांक आयलोच."

मग त्या उठल्या, "बसा, आतां थोडोच वेळ आसा. च्या करतां," म्हणून आत गेल्या. मी मामांकडे बघितलं. ते संगणकाकडे बघत नव्हते, कीबोर्डकडे बघत होते. वहिनी चहा घेऊन आल्या. चार कप होते. एक मामांना, एक मला, एक स्वतःला. चौथा त्यांनी मामांचा पाय ओलांडून टेबलावर ठेवला, तिथली खुर्ची दोन्ही हातांनी मागे ओढली आणि येऊन खाली बसल्या.

रस्त्यावर बस थांबल्याचा आवाज आला. दोनदा घंटी वाजली आणि बस पुढे गेली.

मामांना मी त्यानंतर पाहिलं नाही. त्याच आठवड्यात त्यांना इस्पितळात नेलं आणि मी भेटायला जाईपर्यंत सगळं आटोपलं होतं. म्हणून त्या दिवशी जे पाहिलं तेवढंच सांगतो, एक शब्द जास्त नाही. मी दाराकडे बघत होतो. दारात ऊन होतं. उंबरा, त्याच्या पलीकडे अंगण, अंगणात कोंबडी. कुणी आलं नाही. मी काहीच पाहिलं नाही, काही ऐकलं नाही.

फक्त गुणाजीमामांनी कप बशीत ठेवला. खुर्चीचे हात धरले, आणि तो दुखरा पाय, कळ सोसत, दात आवळून, गुडघ्यात वाकवून खुर्चीखाली आत ओढून घेतला. थोडा वेळ तसाच धरला. मग, बसमध्ये शेजारून कुणी पुढे निघून गेल्यावर आपण करतो तसा, पुन्हा सावकाश लांब केला.